बंद अँटेना

सकाळी साडेसहाला मी प्रयोगशाळेचं कुलूप काढते.
इस्पार्तात मे महिना म्हणजे हवेला गुलाबाचा वास,
गावाबाहेर बायका केव्हाच्या कळ्या खुडायला लागलेल्या.
मी आत उंदीर मोजते.
चाळीस. कालही चाळीसच होते.

शेपटीवर मार्करच्या खुणा.
एक रेघ : याला काही करायचं नाही, खाऊ दे, झोपू दे.
दोन रेघा : नळीत ठेवायचं, नाकासमोर अँटेना, अँटेना बंद.
तीन : अँटेना चालू.
चार : चालूच, पण आधी पोटात मेलॅटोनिनची सुई.
अंधार पडला की मेंदू आपलं आपण जे पाझरवतो
ते आम्ही बाटलीतून मोजून देतो.

नेझिहेबाईंनी पहिल्याच दिवशी सफरचंद कापून समजावलं होतं.
एका फोडीला लिंबू चोळलं, दुसरी तशीच ठेवली.
चहा संपेपर्यंत दुसरी तांबूस पडली.
"पेशीचंही असंच होत असावं," म्हणाल्या.
"होतं, असं नाही म्हणत मी. असावं.
त्या एका शब्दाचा पगार मिळतो आपल्याला."

माझा अल्पाय मालवाहू जहाजावर आहे.
किनारा जवळ आला की त्याला नेटवर्क मिळतं,
आणि किनारा कधी येणार ते समुद्राला विचारायचं.
म्हणून फोन उशीखाली.
तहसीन म्हणतो, लांब ठेव, डोक्यात किरणं जातील,
तू तिथं काम करतेस, तुला कळायला नको?
कळतं तेवढं सांगितलं तर त्याचं समाधान व्हायचं नाही.

मागच्या वर्षी माझं थायरॉइड बिघडलं,
झोप तर त्याआधीच उडाली होती.
डॉक्टर म्हणाले, वय.
सासूबाई म्हणाल्या, नजर.
तहसीन म्हणाला, फोन.
मी तिघांनाही हो म्हटलं
आणि उपाशीपोटी गोळी घेत राहिले.

सहावा आठवडा संपला.
त्या दिवसाचं लिहीत नाही.
हातमोजे दोनदा बदलले, एवढंच.

मग आकडे आले.
तीन रेघांचे बिघडलेले, वाटलं होतं तितके नाहीत.
चार रेघांचे जरा सावरलेले, लिंबाच्या फोडीसारखे.
आणि दोन रेघा?
भीतीचं संप्रेरक त्यांच्याही रक्तात चढलेलं,
चालू अँटेनावाल्यांच्या खांद्याला खांदा लावून.

नेझिहेबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
"नळी," म्हणाल्या.
"रोज तासभर हलता येत नाही,
नाकासमोर काहीतरी आहे
आणि ते कधी सुरू होणार ते माहीत नाही.
तेवढं पुरतं, गुलिझार."
मला वाटलं, हा आकडा त्या कुठंतरी तळटीपेत दडवतील.
त्यांनी तो पहिल्या तक्त्यात लिहिला,
पेन इतकं दाबून, की खालच्या कागदावरही उमटला.

त्या रात्री मी फोन बंद केला.
पावाच्या पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावलं,
डबा स्वयंपाकघरात ठेवला, दारही लोटलं.
तहसीन खूश होऊन लगेच घोरायला लागला.
मी कुशीवर. मग पाठीवर. मग परत कुशीवर.
घरात एक लहर नाही, एक कंप नाही,
आणि कान डब्यापाशी.
कुठल्या समुद्रात असेल? बंदर लागलं असेल का?
मध्येच मी उजवा पाय पांघरुणाबाहेर काढून बघितला,
वेड्यासारखा,
दोन रेघा दिसतात का म्हणून.

पहाटे डबा उघडला. फोन सुरू व्हायला त्याचा वेळ घेतो.
तीन वाजून दहा मिनिटांचा निरोप :
"आई, झोपलीस का?"

मी लिहिलं : हो रे, गाढ.
पहिल्या पिंजऱ्यातल्यासारखी, असं लिहिलं नाही,
त्याला कळलं नसतं.